बांगलादेशी तयार कपडे न्हावाशेव्याला उतरवताना: परवाना, शून्य ड्युटी आणि कोट्याचा हिशेब

बांगलादेशातून टी-शर्ट-शर्ट आणणाऱ्याला शून्य ड्युटीचे आकर्षण असते आणि ते रास्त आहे. २० टक्के मूळ सीमाशुल्क वाचले तर या धंद्यात बहुतेक वेळा तोच नफा असतो. मात्र ही सवलत मिळणार की नाही, हे तिकडच्या कारखान्यात कॉस्टिंग शीट (कच्च्या मालाच्या खर्चाचा तक्ता) लिहिली जाते तेव्हाच ठरून गेलेले असते. कंटेनर बंदराला लागल्यावर कागद जमवायला बसलात, तर सीएचए (माल सोडवणारा कस्टम्स एजंट) कितीही मुरलेला असला तरी फार तर वेळ मारून नेईल. म्हणून इथली कामे ऑर्डर देण्याच्या आधीपासून सुरू होतात.

माल येऊ शकतो का, ते आधी

ड्युटीचा हिशेब करण्यापूर्वी आयात धोरण बघायचे. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) यादीत प्रकरण ६१ म्हणजे निट (होजिअरीसारखे विणलेले) कपडे, ६२ म्हणजे वोव्हन (मागावर विणलेल्या कापडाचे) कपडे आणि ६३ म्हणजे चादरी, टॉवेल, पडदे वगैरे. नवे तयार कपडे साधारणपणे मुक्त आयातीत येतात, त्यांना वेगळा परवाना लागत नाही. आयईसी (आयातदार-निर्यातदार क्रमांक) मात्र हवाच. तो पॅनवर मिळतो, शुल्क ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात तो संकेतस्थळावर जाऊन अद्ययावत करावा लागतो, काही बदललेले नसले तरी. हे राहून गेले की आयईसी निष्क्रिय होतो, आणि ते कळते नेमके बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे भरायचे आयातीचे विवरणपत्र) भरताना. बँकेचा एडी कोडही (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) ज्या बंदरात माल उतरणार तिथे आधी नोंदवून ठेवा.

परवाना लागतो तो जुन्या कपड्यांना. शीर्षक ६३०९ खालचे वापरलेले कपडे ‘प्रतिबंधित’ वर्गात आहेत. डीजीएफटीचे आयात प्राधिकारपत्र हातात असल्याशिवाय असा माल बुक करू नका. ते मिळाले तर सहसा १८ महिने चालते. न कापलेल्या चिंध्यांनाही हाच नियम आहे. ‘चिंध्या’ लिहून गाठोड्यात धड जॅकेटे आणणे हा जुना प्रकार आहे आणि तपासनीसांना तो पाठ आहे. पकडले गेले तर माल जप्त होतो, सोडवायला दंड आणि वर शास्ती.

कपड्यांऐवजी निट कापडाचे रोल आणायचे असतील, तर सिंथेटिक निट कापडाच्या काही कोडांना (सीमाशुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकांना) किलोमागे ३.५ डॉलरची किमान आयात किंमत लावलेली आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून बुकिंगच्या आठवड्यात ताजी अधिसूचना बघा. शिवाय २०२५ च्या अर्थसंकल्पाने नऊ कोडांच्या निट कापडावर ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त असेल ते’ असा दर लावला. स्वस्त कापडाला हा किलोचा दर जबर बसतो.

आता बंदर. १७ मे २०२५ च्या डीजीएफटी अधिसूचनेने बांगलादेशी तयार कपड्यांना सगळे भूमार्ग बंद केले. पेट्रापोलच्या सीमाचौकीवरून ट्रकने येणारा माल थांबला आणि न्हावाशेवा व कोलकाता ही दोनच सागरी बंदरे उरली. नेपाळ-भूतानला भारतातून जाणारा माल यातून वगळला आहे. मुंबईत सहार विमानतळावर हवाई मालाने घाईचा लॉट उतरवू, असा बेत असेल तर अधिसूचनेचे शब्द आधी नीट वाचा. तिथे विमानतळाचे नाव नाही. माल न्हावाशेव्याला उतरवून पुढे एखाद्या आयसीडीवर (बंदरापासून आत असलेल्या कंटेनर डेपोवर) बिल ऑफ एंट्री भरायचे असेल, तर सीमाशुल्क कार्यालयाकडून लेखी खात्री घ्या. तोंडी ‘चालतंय’ वर कंटेनर हलवू नये. पाकिस्तानी मालावर मे २०२५ पासून पूर्ण बंदी आहे. दुबईमार्गे आलेले पाकिस्तानी सूटही त्यातच येतात.

कोड चुकला की सवलतही चुकते

उत्पत्ती प्रमाणपत्रावरचा (माल कुठल्या देशाचा हे सांगणाऱ्या कागदावरचा) कोड आणि तुमच्या बिल ऑफ एंट्रीतला कोड पहिल्या सहा अंकांत जुळलाच पाहिजे. कारखाना त्याच्या सवयीने कोड लिहितो, सीएचए इथल्या सवयीने. भांडण तिथून सुरू होते. या धंद्यात वारंवार घोळ होणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत.

कॉलर नाही, बटण नाही, गळ्याला उघड नाही, तोच टी-शर्ट: ६१०९. कॉलर आणि तीन बटणांची पट्टी असलेला पोलो बाजारात टी-शर्ट म्हणून विकला जातो, पण कोडात तो पुरुषांचा असेल तर ६१०५ आणि बायकांचा असेल तर ६१०६. पुरुषांचा की बायकांचा, हे पुढची पट्टी कुठे चढते यावरून ठरते. डावी बाजू उजवीवर चढली तर पुरुषांचा, उजवी डावीवर चढली तर बायकांचा. लहान मुलांचे कपडे ८६ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या बाळांचे असतील तर ६१११ किंवा ६२०९. त्यापुढचे मोठ्यांच्याच शीर्षकात जातात.

धाग्याचे मिश्रण वजनावर बघतात. ६० टक्के सुती आणि ४० टक्के पॉलिस्टर असेल तर कपडा सुती. दोन्ही नेमके ५०-५० असतील तर अनुक्रमाने शेवटी येणारे शीर्षक लागते, म्हणजे बहुधा तो सुतीतून बाहेर पडतो. लेबलवर ५०-५० आणि प्रमाणपत्रावर सुतीचा कोड, ही विसंगती फेसलेस तपासणीतला अधिकारी कुठल्याही शहरात बसून पकडतो. त्याला कपडा दिसत नसला तरी कागद दिसतो.

वाचते किती, तेही मांडा

एक लॉट घ्या. १०,००० सुती टी-शर्ट, नगाची सीआयएफ (भाडे-विम्यासह) किंमत २५० रुपये, म्हणजे २५ लाख. सवलतीशिवाय मूळ शुल्क २० टक्के, ५ लाख. त्यावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार, ५० हजार. एकूण ३०.५ लाखांवर ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), १,५२,५००. सगळे मिळून ७,०२,५०० रुपये. साफ्टा म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली मूळ शुल्क शून्य, त्यामुळे अधिभारही शून्य. उरतो तो २५ लाखांवरचा आयजीएसटी, १,२५,०००. आयजीएसटीचे क्रेडिट मिळतेच, म्हणून खरी बचत ५.५ लाख, नगामागे ५५ रुपये.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बऱ्याच कपड्यांवर दर ‘टक्केवारी किंवा नगामागे अमुक रुपये, जे जास्त’ असा आहे. १०० रुपयांच्या आतल्या मालाला हा नगाचा दर फार महाग पडतो, म्हणजे सवलत गमावण्याचे नुकसान स्वस्त मालावर अधिक. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. जॅकेट, ब्लेझर आणणाऱ्यांनी ही रेषा आधी तपासावी.

भाड्याचा पुरावा जपा. जहाजभाडे कागदावर दाखवता आले नाही, तर मूल्यांकन नियमांनुसार एफओबीच्या (भाडे-विमा सोडून, जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के भाडे धरले जाते आणि विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के. चट्टग्राम ते न्हावाशेवा या टप्प्याला खरे भाडे २० टक्क्यांच्या आसपासही जात नाही. एका हरवलेल्या भाडेपावतीने आयजीएसटी विनाकारण फुगतो.

७० टक्क्यांची ओळ

बांगलादेशी कपड्यांना भारतात शून्य ड्युटी मिळते ती साफ्टा करारातल्या अल्पविकसित देशांच्या सवलतीतून. पूर्वी त्यातही कपड्यांना नगांचा वार्षिक कोटा होता. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा ४६ वस्त्र-वस्तूंना सूट जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०११ च्या अधिसूचनेने दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू सोडून बाकी सगळे शून्यावर आले. कोटा गेला, पण उत्पत्तीची अट राहिली.

अट दुहेरी आहे. बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचे चार अंकी शीर्षक आणि तयार मालाचे शीर्षक वेगळे असले पाहिजे. कापडाचा शर्ट झाला की ते होतेच. दुसरी अट हिशेबाची: करारबाहेरच्या देशांतून आलेला आणि ज्याचे मूळ सांगता येत नाही असा सगळा माल मिळून एफओबीच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त नको. शेवटची प्रक्रिया बांगलादेशातच झालेली हवी.

एका वोव्हन शर्टाची शीट उघडून बघू. एफओबी ६ डॉलर. चिनी कापड १.६ मीटर, मीटरला २.१० डॉलर, म्हणजे ३.३६. इंटरलायनिंग (कॉलर-कफातले आतले कापड), बटणे, धागा हे सगळे आयात, मिळून ०.५४. बेरीज ३.९०, म्हणजे ६५ टक्के. पास. आता तेच कापड २.४० ला गेले. ३.८४ अधिक ०.५४ म्हणजे ४.३८, झाले ७३ टक्के. शर्ट तोच, कारखाना तोच, शिवणारे हात तेच, पण ड्युटी २० टक्के. तुम्ही घासाघीस करून एफओबी ५.५० वर आणलात तरी हेच होते: ३.९० भागिले ५.५० म्हणजे जवळपास ७१ टक्के. भाव पाडल्याचा आनंद बंदरावर संपतो. त्यामुळे आयात कापडाच्या वोव्हन मालात भावाची शेवटची चर्चा टक्केवारी समोर ठेवूनच करा. निट मालात सूत तिकडेच कातलेले किंवा कापड तिकडेच विणलेले असण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे धोका कमी.

भारतातून गेलेले सूत किंवा कापड असेल तर ते करारातल्या देशाचे म्हणून एकत्रित मोजता येते. त्यासाठी एकूण मूल्यवर्धन किमान ५० टक्के आणि बांगलादेशात किमान २० टक्के लागते. पण मग प्रमाणपत्रावर निकष वेगळा लिहिला जातो आणि बिल ऑफ एंट्रीतही ते सांगावे लागते. साध्या निकषावर बसत असेल तर एकत्रीकरणाच्या वाटेला जाऊ नका, प्रश्न वाढतात.

कारखान्याकडून कॉस्टिंग शीट ‘गोपनीय’ म्हणून मिळत नाही, ही सर्रास अडचण. नफ्याचा आकडा झाकू द्या. प्रत्येक कच्च्या मालाचे वर्णन, कोड, मूळ देश आणि किंमत एवढे मात्र हवेच. तेही द्यायला तयार नसलेला कारखाना सवलतीच्या मालासाठी कामाचा नाही.

कागद तपासायचा, तो जहाज सुटण्याआधी

प्रमाणपत्र बांगलादेशची एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरो देते. मसुदा मेलवर मागवा आणि या ओळी बोट ठेवून वाचा: निर्यातदाराचे नाव विक्रीच्या बिलातल्या नावाशी अक्षरशः जुळते का; नगांची संख्या पॅकिंग लिस्टशी जुळते का; सहा अंकी कोड; निकषाच्या रकान्यात ‘बी’ आणि त्यापुढे बाहेरच्या मालाची टक्केवारी. ही टक्केवारी तुमच्या हातातल्या शीटशी जुळली पाहिजे. शीटवर ६५ आणि प्रमाणपत्रावर ४० असेल तर दोन्ही कागद संशयात जातात.

प्रमाणपत्रावर खाडाखोड असेल, आणि ती देणाऱ्या संस्थेने सही-शिक्क्याने प्रमाणित केलेली नसेल, तर पडताळणी न करताच दावा नाकारता येतो. नमुना अपुरा भरलेला, मुदत संपलेली, वस्तू सवलतीच्या यादीतच नसणे, ही बाकीची तीन कारणे. चारही कारणे मसुद्यावर दिसतात, म्हणून जहाजाआधी तपासायचे.

वाटेचाही हिशेब आहे. कंटेनर बऱ्याचदा कोलंबोत दुसऱ्या जहाजावर चढतो. श्रीलंका साफ्टात असल्याने ते सोपे. सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगमार्गे आला तर तिथे माल उघडला नाही, विकला नाही, नुसता जहाज बदलून पुढे आला हे दाखवणारे थ्रू बिल ऑफ लेडिंग (बीएल, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एकच जहाज-पावती) लागते. फॉरवर्डर दोन तुकड्यांचे बीएल देत असेल तर बुकिंगच्या वेळीच नाही म्हणा.

विक्रीचे बिल हाँगकाँगच्या बाइंग हाऊसचे (कारखान्याकडून माल घेऊन देणाऱ्या मध्यस्थाचे) असेल तर प्रमाणपत्रावरचा एफओबी आणि तुमच्या बिलाची किंमत वेगळी दिसते. प्रश्न येणार हे धरून कारखान्याचे बाइंग हाऊसला दिलेले बिल फाइलला लावून ठेवा.

बिल ऑफ एंट्री आणि त्यानंतरचे दहा दिवस

२१ सप्टेंबर २०२० पासून ‘कॅरोटार’ (व्यापार करारांखालच्या मालाच्या उत्पत्तीचे सीमाशुल्क) नियम लागू आहेत आणि त्यांनी जबाबदारी आयातदारावर टाकली. ‘प्रमाणपत्र तिकडच्या सरकारने दिले, मला काय माहीत’ हे उत्तर आता चालत नाही. त्यांतल्या फॉर्म १ मधली, म्हणजे मालाच्या उत्पत्तीची, माहिती माल येण्यापूर्वीच तुमच्याकडे असायला हवी, आणि ती बिल भरल्यापासून पाच वर्षे जपायची.

बिलात प्रत्येक ओळीसमोर सवलतीची अधिसूचना आणि तिचा अनुक्रमांक द्यायचा. प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, उत्पत्तीचा निकष, एकत्रीकरण आहे की नाही, माल थेट आला की नाही हेही भरायचे. कागद ई-संचित या सीमाशुल्काच्या ऑनलाइन सोयीवर चढवायचे. मूळ प्रमाणपत्र बंदरावरच्या तुरंत सुविधा केंद्रात दाखवून त्यावर नोंद करून घ्यावी लागते. सीएचएच्या माणसाकडे मूळ प्रत नसेल तर सगळे तिथे थांबते. कुरिअरची चूक, पण डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचे भाडे) तुमचे.

बिल जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरून टाका. जवळच्या देशांच्या मालाला थोडी ढील आहे, तिच्यावर विसंबू नका. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,०००.

अधिकाऱ्याला शंका आली की तो माहिती मागतो. उत्तराला दहा कामकाजी दिवस मिळतात. शीट आधीच हातात असेल तर हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. नसेल तर ढाक्यातल्या मर्चंडायझरच्या मागे लागण्यात नऊ दिवस जातात. उत्तर अपुरे वाटले तर प्रकरण तिकडच्या संस्थेकडे पडताळणीला जाते. त्या काळात वाचणाऱ्या ड्युटीएवढी हमी देऊन तात्पुरत्या निर्धारणावर माल सोडवता येतो. हंगामी मालाला हाच मार्ग घ्या. दिवाळीचा माल नाताळात सोडवून उपयोग नाही. पडताळणीत दावा पडला तर त्याच उत्पादकाच्या तशाच मालावर पुढेही सवलत नाकारता येते. नवा कारखाना निवडताना त्याच्या मालाची भारतात आधी पडताळणी झाली होती का, हे विचारायला संकोच करू नये.

रंग आणि लेबल

ड्युटी शून्य झाली तरी माल दोन कारणांनी अडतो. पहिले, अझो रंग. कपड्यात बंदी असलेले रंग नाहीत असा, तिकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला मालासोबत लागतो. नसेल तर इथे नमुना काढून तपासणीला जातो, उदाहरणार्थ मुंबईत प्रभादेवीच्या टेक्स्टाइल्स कमिटीकडे, आणि अहवाल येईपर्यंत कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) भाडे खात बसतो. दाखल्यावर स्टाइल क्रमांक लिहून घ्या. ‘गारमेंट्स’ एवढेच लिहिलेला दाखला कुठल्या लॉटचा, हे सिद्ध करता येत नाही.

दुसरे, लेबल. किरकोळ विक्रीसाठी पॅक केलेल्या मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष, साइज, ग्राहक तक्रार संपर्क हे सगळे क्लिअरन्सपूर्वी हवे. परवानगी घेऊन गोदामात चिकटवता येते, पण १०,००० पाकिटांवर स्टिकर लावण्याची मजुरी तिकडे कारखान्यात छापून घेण्यापेक्षा खूप महाग पडते.

कोटा अजून जिथे आहे: श्रीलंका

नगांचा कोटा खऱ्या अर्थाने बघायचा असेल तर १ मार्च २००० पासून लागू असलेला भारत-श्रीलंका करार बघा. तयार कपडे तिथे नकारात्मक (सवलत न मिळणाऱ्या मालाच्या) यादीत आहेत, पण वर्षाला ८० लाख नगांना सवलत आहे. मूळ अटीत त्यातले ६० लाख नग भारतीय कापडाचे हवेत आणि एका प्रकाराचे १५ लाखांहून जास्त नकोत असे होते. कापडाची अट पुढे सैल करण्यात आली. उत्पत्तीसाठी ३५ टक्के स्थानिक मूल्यवर्धन लागते.

कोट्याच्या मालात दोन गोष्टी आधी विचारा. या वर्षीच्या कोट्यात जागा आहे का आणि ती लेखी मिळाली आहे का. कोट्याची नोंद तिकडचा वाणिज्य विभाग ठेवतो. नगाची मोजणीही ठरवून घ्या: पायजमा-शर्टचा सेट एक नग की दोन, यावर पॅकिंग लिस्ट, प्रमाणपत्र आणि बिल तिन्ही एकमताचे हवेत. भारतीय कापडाच्या भागातला माल असेल तर ते कापड भारतातून ज्या शिपिंग बिलावर गेले त्याची प्रत मागा. भिवंडी किंवा इचलकरंजीतून कापड पाठवून तिकडे शिवून परत आणणाऱ्याला ही प्रत स्वतःच्याच कपाटात सापडते, म्हणून हा मार्ग त्याला सोपा.

बांगलादेशकडे परत येऊन एक तारीख. अल्पविकसित देशांच्या यादीतून बांगलादेश बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. ७० टक्क्यांची मुभा आणि शून्य ड्युटी याच दर्जावर टेकलेली आहे. त्या तारखेच्या आसपास किंवा नंतर पोहोचणाऱ्या मालाची ऑर्डर देताना त्या वेळची भारतीय अधिसूचना तपासा, आणि सवलत नाकारली गेली तर ड्युटीचा फरक कोण सोसणार, हे पर्चेस ऑर्डरमध्ये टक्केवारीसकट लिहून दोघांच्या सह्या घ्या.